पुरे म्हणायचं बटण

गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मी एकतीस मिनिटं नाचले आणि मग माझ्या नवऱ्याने भर सभेत उभं राहून ते नाचणं बंद पाडलं, अशी गोष्ट रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात सांगतात. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला ठाऊक होती आणि तीन आठवडे मी ती तोंडातून काढली नाही, कारण पहिल्या अर्धीत मी फार छान दिसत होते.

सुरुवात लेकीपासून करते. ती बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. इतर दिवशी कंपनीचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवर बसून लोकांसमोर कोड लिहिते. तिच्या लॅपटॉपवरच्या ओळी मागच्या पडद्यावर मोठ्या होऊन दिसतात. ती एक आकडा बदलते की तबल्याचा ठेका बदलतो, दुसरा बदलते की पडद्यावर रंग पसरतात. सोबत कुणीतरी नाचत असतं आणि समोर बसलेले लोक आपापल्या मोबाइलवरून त्या नाचात ढवळाढवळ करतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, की ढवळाढवळ करायला मोबाइल कशाला हवा, आपल्याकडे लोक बिनमोबाइलची करतात. ती हसली. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र बहुतेक हिंदीतून येतं.

"आई, इस बार रायपुर में करेंगे," ती म्हणाली. "और नाचेगी तू."

मी नववं वर्ष लागल्यापासून बावीसपर्यंत माहेरी बुढापाऱ्यात कथक शिकले. मग लग्न होऊन तात्यापाऱ्यात आले, रिक्षाने दहा मिनिटांचं सासर. घुंगरू सोबत आणले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार लोटून मी तत्कार करत होते, म्हणजे नुसतं पायांचं काम. पुढच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते. त्यांनी तिथूनच म्हटलं, "पुरे आता." आवाजात राग नव्हता. चहा ओतणाऱ्याला म्हणावं तसं म्हणाले. माझा नवरा खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होता. त्याने ब्रश थांबवला, दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गालाला फेस लावायला लागला.

मी घुंगरू सोडले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. बंड वगैरे काही केलं नाही, हे सरळच सांगते. राग मात्र धरला. सासऱ्यांवर नाही, ते बिचारे जुन्या वळणाचे. मी राग धरला तो त्या ब्रशवर. त्यानंतर अडतीस वर्षं नवऱ्याच्या कुठल्याही चुकीला मला तो ब्रश आठवत आला आहे. ते गॅसचा नंबर लावायचं विसरले तरी ब्रश.

शाळेत गणित शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात तो डबा उघडला. ब्राह्मणपाऱ्यात एक क्लास लावला. तिथली गुरू माझ्या लेकीहून लहान आहे आणि सोबतच्या मुली मला आंटी म्हणून हाताला धरून रांगेत उभ्या करतात. वर्षभर मजेत गेलं. मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. नवऱ्याने स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर एक्स-रेकडे बघत म्हणाले, "पंद्रह मिनट आपके, माताजी. सोलहवें मिनट से घुटना मेरा." बाहेर आल्यावर मी नवऱ्याला बजावलं, की यातलं एक अक्षर लेकीला कळता कामा नये. ते म्हणाले, "हव."

माझ्या नवऱ्याबद्दल एवढं सांगितलं पाहिजे, की रेल्वेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढून त्यांनी एकूण जे काही म्हटलं त्यातलं निम्मं "हव" असावं, म्हणजे आपलं "हो". दुसरा शब्द "पुरे". जेवताना पहिली वाढ झाली की ताटावर हात आडवा. मंडळाच्या पंगतीत वाढणारे त्यांच्यापाशी थांबतसुद्धा नाहीत, सरळ पुढच्या पानाकडे जातात.

तर लेक जानेवारीत आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला सगळा मामला समजावला. माझ्या दोन्ही घोट्यांवर घुंगरांच्या खाली एक-एक पट्टी बांधायची. पाय पडला की त्या पट्टीतून लॅपटॉपला कळणार आणि पडद्यावर गोल उमटणार, जितका पाय जोरात तितका गोल मोठा. लोकांनी दारातला चौकोनी कोड मोबाइलने टिपायचा, की त्यांच्या मोबाइलवर तीन बटणं येणार: जलद, संथ, पुरे. जलदवाले जास्त झाले की लय चढणार, संथवाले जास्त झाले की उतरणार. पुरे दाबलं की आधी मोबाइल विचारणार, "नक्की?" त्याखाली हो आणि नाही. निम्म्याहून जास्त हॉलने हो म्हटलं की नाच संपला.

"आणि मला थांबायचं असेल तर?" मी विचारलं.

"तू नहीं थांबणार, आई. वो थांबवतील. लोगों को भी तो जिम्मेदारी लेनी पड़ेगी ना. नहीं तो बस बैठे-बैठे देखते रहते हैं."

बेंगळुरूला सहाव्या मिनिटाला लोकांनी पुरे केलं होतं, हेही तिने सांगितलं. नाचणारा चांगला धट्टाकट्टा जवान होता, त्याने हसून नमस्कार केला आणि सगळे कॉफी प्यायला गेले. ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. मी गुडघ्यासाठी पंधरा मिनिटांचं गणित बसवत होते आणि हे लोक मला सहाव्या मिनिटाला उठवणार? तेही तात्यापाऱ्यात, तोच शब्द वापरून, आणि या वेळी बटण दाबून? आठ दिवस मला डोळे मिटले की ते बटण दिसायचं.

मग मी जे केलं ते गणिताच्या बाईला शोभणारं नव्हतं. कॉपी करणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं आहे. पण संक्रांतीचे दिवस होते, रोज दोन-तीन घरी हळदीकुंकू होतं आणि वाण घ्यायला जावंच लागतं. गेले तिथे बायकांना म्हटलं, "ते तिसरं बटण आहे ना, ते म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला 'उठा आता' म्हणण्यासारखं आहे." बायकांनी कानाला हात लावले. आपल्याकडे पाहुण्याला अजून घ्या, अजून घ्या म्हणतात, नको म्हटलं तरी वाढतात. आपल्या तोंडून पुरे कोण म्हणेल? "हव, तेच तर," मी म्हटलं. "तुम्ही मनापासून आग्रह करा. जलद दाबा."

मंडळाच्या माजी सचिव आहेत त्यांच्यावर मात्र माझा भरवसा नव्हता. मागच्या वर्षी त्यांचं भावगीत चालू असताना मी चहा सांगायला उठले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांना मी जाता जाता सांगितलं, की जो कुणी पुरे दाबेल त्याचं नाव पडद्यावर येतं. हे शंभर टक्के खोटं होतं. पडद्यावर फक्त आकडा येणार होता. पण दोन दिवसांत ते नाव येण्याचं प्रकरण साऱ्या मंडळात झालं, आणि निवृत्त साहेब लोक, जे सरकारी नोकरीत कधी कुठल्या कागदावर नावानिशी अडकले नाहीत, ते फार सावध झाले.

नवऱ्याच्या कानावरही ते आलं. सकाळी दाढी करता करता ते म्हणाले, "काहून खोटं बोलून राहिली?"

"तुम्ही दाढी करा," मी म्हटलं.

रविवारी अकराला कार्यक्रम आणि नंतर जेवण. हॉलच्या मागेच स्वयंपाकाची खोली, आणि थंडीतला कोथिंबिरीचा मोसम म्हणून सांबारवड्या होत्या. कोथिंबिरीचं खमंग सारण भरलेल्या त्या वड्या तळल्याचा वास अकरा वाजताच खुर्च्यांपर्यंत आला. त्याआधी दारात अर्धा तास मोबाइलचा गोंधळ चालला होता. कुणाचा कॅमेरा उघडेना, कुणी स्वतःचाच फोटो काढला, एक काका लेकीला म्हणाले, "बेटा, मेरा वाला तुम ही दबा देना." अखेर शंभरावर मोबाइल जोडले गेले. नवरा तिसऱ्या रांगेत कडेला बसला. लेक डावीकडे लॅपटॉप घेऊन, मी मध्ये, मागे पडदा.

पहिली दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पाय टाकला की मागे भिंतीएवढा केशरी गोल उमटायचा. लेक एक ओळ लिहायची आणि तबला माझ्या पायाखाली येऊन उभा राहायचा. मी तिच्याकडे बघायची, ती माझ्याकडे. सहावं मिनिट आलं आणि गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते: जलद एकसष्ट, संथ नऊ, पुरे शून्य. मी मनात म्हटलं, शाबास गं बायांनो.

बायकांनी माझा शब्द फारच मनावर घेतला होता. लय चढली, की कुणालातरी वाटायचं आपला आग्रह कमी पडला, की तीही जलद दाबायची. दाराच्या वरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले. सोळाव्या मिनिटाला गुडघा डॉक्टरांचा झाला, अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणे. विसाव्या मिनिटाला मी सगळा भार डाव्या पायावर घेतला. चक्कर घेताना भिंत दोनदा आल्यासारखी वाटली. हसू मात्र चेहऱ्यावर ठेवलं होतं, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं की समोरच्या कुणालाच शंका आली नाही. लेक तर पेटली होती. तिला वाटत होतं आपली आई आज थांबायचं नावच घेत नाहीये. जलद सत्याऐंशी, संथ चार, पुरे शून्य. ते शून्य मी घरोघरी जाऊन कमावलं होतं.

कुणी विचारेल, बाई, मग थांबायचं होतं. हात जोडायचे, खाली बसायचं, कोण फाशी देणार होतं? मीही पंचविसाव्या मिनिटापासून स्वतःला हेच विचारत होते. पण अडतीस वर्षं जो शब्द दुसऱ्याने म्हटला म्हणून मी राग धरला, तो आता स्वतःच्या तोंडाने म्हणायचा, तेही लेकीच्या समोर, ते माझ्याने होईना. पाय मोडला असता तरी चाललं असतं, असं त्या वेळी खरंच वाटत होतं. असा मूर्खपणा मी वर्गात कुणाचाही चालवून घेतला नसता.

एकतिसाव्या मिनिटाला पडद्यावर शून्य गेलं आणि एक आला. पुरे, एक.

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या, कारण आता नाव येणार होतं. नाव आलं नाही. माजी सचिव दुसऱ्या रांगेतून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "कोण आहे तो दळभद्री?"

तिसऱ्या रांगेत माझा नवरा उभा राहिला. हातात मोबाइल.

"मी आहो," ते म्हणाले.

तबला चालूच होता, मीही चालूच होते.

"काहून, भाऊ?" कुणीतरी विचारलं. "वहिनी एवढं छान करून राहिल्या."

"मले भूक लागली."

हॉल फुटला. हशा थांबेना. कुणी म्हणालं जरा दम धरा, कुणी म्हणालं यांना आधी केळं द्या. लेकीने लॅपटॉपवरून डोळे उचलून बापाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला माझ्यावर कधी ओढवून घ्यायची नाही. ते बसले नाहीत. ज्या माणसाने स्वतःच्या निरोपसमारंभात दोन वाक्यं बोलून माइक परत दिला होता, तो माणूस शंभर लोकांत मोबाइल वर धरून उभा होता. "वडी थंडी होऊन राहिली," ते म्हणाले. "मले आत्ताच जेवायचं आहे. तुम्ही बी दाबा."

आता खरं तर निम्म्या पुरुषांच्या पोटात अर्ध्या तासापासून तोच वास फिरत होता. त्यांना फक्त कुणीतरी पहिलं हवं होतं. आकडा चार झाला, बारा झाला, तीसवर गेला. बायकांनी नाइलाजाने, माझ्याकडे माफी मागितल्यासारखं बघत बघत दाबलं. मी ते आकडे चढताना पाहत होते आणि मनात म्हणत होते, दाबा गं, लवकर दाबा. निम्मं पार झालं तसा तबला आपोआप तिहाईवर, म्हणजे नाच संपवणाऱ्या तीनदा वाजणाऱ्या तुकड्यावर आला. शेवटचा पाय मी डावा टाकला आणि नमस्कार केला. टाळ्या फार वेळ वाजल्या.

मी भिंतीशी खुर्ची घेतली, समोरच्या खुर्चीवर पाय ठेवला आणि विचारेल त्याला सांगितलं की घुंगरू जड आहेत. नवरा पंगतीत बसला होता. वाढणाऱ्यांनी मुद्दाम त्यांच्या ताटात सहा वड्या घातल्या. भुकेलेला माणूस म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दुसरी वाढ न घेणाऱ्या त्या माणसाने सहाच्या सहा वड्या खाल्ल्या, सगळ्यांच्या देखत, घामाघूम होऊन. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

लेक घरी येऊन एवढंच म्हणाली, "पापा ने वडी के लिए मेरा शो बंद करवा दिया." दुसऱ्या दिवशी दुपारी तिची गाडी होती. तोवर ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी तिची बॅग ऑटोपर्यंत नेली. ऑटो गेल्यावर म्हणाले, "पोट्टी चिडली." मी म्हटलं, चिडेल नाही तर काय.

मी गप्प बसले, आणि गप्प बसण्यात मला मजा येत होती. रस्त्यात लोक थांबवून सांगायचे, वहिनी, भाऊंनी थांबवलं नसतं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत नाचल्या असत्या. भाऊंना विचारायचे, काय, भूक लागली का? ते हसायचे आणि म्हणायचे, "हव." पण लेकीचा फोन आला, की ती विचारायची, "आई है?" आणि ते काही न बोलता फोन माझ्या हातात द्यायचे. पहिल्या आठवड्यात मी तो नुसता घेतला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी फोन पुढे केला तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून लेकीला सगळं सांगितलं. गुडघा, पंधरा मिनिटं, हळदीकुंकू, नाव येण्याची थाप.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब तूने मेरा पूरा ऑडियन्स फोड दिया था?"

"हो."

"आणि तुझा गुडघा?"

"शेकते आहे. उतरतंय."

"रुक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुणी कोणत्या क्षणी काय दाबलं, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. रागाच्या भरात तिनेही ती उघडून पाहिली नव्हती. अर्ध्या तासाने माझ्या मोबाइलवर ओळींची एक यादी आली. तिने वर लिहिलं होतं, "आई, ये देख. बाकी हॉलने दाबायच्या आधी पुरे फक्त एकाच फोनवरून आलंय."

मी चष्मा लावला आणि यादी वाचली. सोळावं मिनिट: पुरे. नक्की? नाही. अठरावं मिनिट: पुरे. नक्की? नाही. विसाव्या मिनिटाला दोनदा: पुरे, नाही, पुरे, नाही. अशा नऊ ओळी होत्या. दहावी एकतिसाव्या मिनिटाची होती आणि तिच्यापुढे हो होतं.

माझ्या पायांतल्या पट्ट्यांची नोंदही तिने खाली पाठवली होती. सोळाव्या मिनिटापासून उजव्या पायाचे आकडे उतरत गेलेले. ते आकडे तिसऱ्या रांगेतून, बिनकॉम्प्युटरचे, एका माणसाला दिसत होते. आणि ज्या घरात तो शब्द एकदा माझ्यावर पडला होता, त्या घरातल्या माणसाला तो दुसऱ्यांदा उच्चारायला पंधरा मिनिटं लागली होती. उच्चारला तेव्हाही गुडघ्याचं नाव घेतलं नाही, कारण मी बजावलं होतं. स्वतःच्या पोटाचं घेतलं. मी पलंगावर बसून रडले, आणि रडताना मला तो ब्रशही आठवला. या वेळी तो थांबला होता तेवढाच आठवला.

संध्याकाळी लेकीचा पुन्हा फोन आला आणि तिने वडिलांना मागितलं. ते उभ्यानेच "हव, हव" म्हणत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "सॉरी म्हणून राहिली. काहून?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो. मी वरणभात वाढला, भाजी वाढली, भाताची दुसरी वाढ घेऊन आले तशी ताटावर हात आडवा आला.

"पुरे."

मी भाताचं भांडं तसंच धरून उभी राहिले आणि विचारलं, "नक्की?"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर पडलेल्या माझ्या मोबाइलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाले.

"नाही," ते म्हणाले आणि हात काढला.